कालचं पान

इनास बार्देस्करचा दिवस सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत सहाची पाळी होती. आंघोळ, चहा आणि सायकल यांना एक तास पुरतो. उरलेला पाऊण तास वाचनाचा होता, आणि त्यासाठी तो पाऊण तास आधी उठायचा. चौतीस वर्षं उठला. ताप असतानाही उठला.

दौलतनगरात त्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दोन लाकडी खुर्च्या समोरासमोर, वर फळीवर क्रूस, जपमाळ आणि जाडजूड मराठी बायबल. एका खुर्चीत तो, दुसरीत कार्मेलिन, त्याची बायको. मूल झालं नव्हतं. त्यावर दोघं बोलत नसत.

इनास मूळचा चंदगडकडचा. शाळा चौथीपर्यंत. कार्मेलिन आजऱ्याकडची, सातवी पास, दर रविवारी चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण द्यायची. वाचायची ही रीत तिनं माहेरून आणली होती. तिच्या गावच्या म्हाताऱ्या फादरांनी शिकवली होती. चार-पाच ओळी घ्यायच्या, जास्त नाही. तीनदा वाचायच्या. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा ऐकताना मन कुठं अडकतं ते बघायचं. तिसऱ्या वाचनानंतर प्रत्येकानं एकच शब्द बोलायचा, जो अडकला तो. का अडकला ते सांगायचं नाही. मग गप्प बसायचं. म्हैस चारा खाऊन झाल्यावर बसून रवंथ करते तसा तो शब्द दिवसभर चघळायचा आणि संध्याकाळी जेवताना एकमेकांना सांगायचं, आज त्या शब्दानं काय काम केलं.

वाचायचं काम पहिल्यापासून इनासकडं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याला घाम फुटायचा. अक्षर अक्षर जोडत तो वाचायचा आणि मधेच थांबायचा.

"तूच वाच," तो म्हणाला होता. "मला न्हाय जमत."

"अडखळतोस ते बरं हाय," कार्मेलिन म्हणाली. "धडाधड वाचणारा पुढं पळतो आणि शब्द मागं राहतो."

हे त्याला पटलं, कारण त्याच्या कामातही तसंच होतं. तो मोल्डर होता. लाकडी नमुन्याभोवती पेटीत वाळू ठासायची, नमुना अलगद काढायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळू सैल राहिली तर साचा ढासळतो. जास्त ठासली तर आतली वाफ बाहेर पडत नाही, लोखंड उसळतं आणि माल भोकाभोकांचा निघतो. किती ठासायची हे हातालाच कळतं. ते कळायला त्याला चार वर्षं लागली होती.

फाउंड्रीत सगळ्यांना त्याच्या शब्दाचं ठाऊक होतं. शेजारच्या पेटीवर सम्राट नावाचा मोल्डर असायचा, तो रोज विचारायचा.

"काय इनासदादा, आज कुठला शब्द?"

"उपास."

"मग डबा इकडं आण की. देवाचं काम करू या."

इनास हसायचा आणि अर्धी भाकरी द्यायचा. संध्याकाळी कार्मेलिनला सांगायचा, आज शब्दानं सम्राटचं पोट भरलं.

या रीतीत एक नियम कडक होता. कालचं पान परत उघडायचं नाही. कार्मेलिन त्यासाठी रानातल्या मान्नाची गोष्ट सांगायची. देव लोकांना रोज सकाळी अन्न द्यायचा, तेवढंच गोळा करायचं. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. "आजचं आज खायचं," ती म्हणायची. पानात लाल दोरा ठेवलेला असे. तो रोज चार ओळी पुढं सरकायचा. मागं कधी गेला नाही.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात कार्मेलिन मोरीत पडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बारा दिवस दवाखान्यात ठेवून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला इनासनं आपली खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली. बायबलातलं आधीचं पुस्तक ती पडली त्याच्या आदल्या दिवशीच संपलं होतं. त्यानं योहानाचं शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून सुरू केलं. तीनदा वाचलं. आपला शब्द सांगितला. मग तिच्या शब्दासाठी थांबला.

कार्मेलिननं तोंड उघडलं. फटीतून वारा यावा तसा आवाज आला. ती परत प्रयत्न करू लागली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इनासनं पुस्तक मिटलं.

त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, हिचा एक शब्द तरी परत ऐकायचा. दुसरं काही त्याला नको होतं.

वाचा शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. अनुजा त्यांचं नाव. वयानं लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी सांगितलं, "काका, ओळखीचे शब्द ऐकवा. खेळासारखं घ्या. त्या दमल्या की थांबा. जबरदस्ती नको." इनासनं यातलं 'ऐकवा' तेवढं घेतलं. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं. मेहनत केली की काम होतं हे त्याला माहीत होतं. मेहनत कमी पडली की काय होतं हेही माहीत होतं.

अनुजाबाईंची फी साध्या पाळीत निघणारी नव्हती. त्यानं सकाळी सहा ते दुपारी दोनऐवजी सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम धरलं. त्याच महिन्यात त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, भट्टीसमोर आयुष्य गेलेल्यांना होतो, आता लांबवू नका. त्यानं लांबवलं. काळी अक्षरं जाड चष्म्यातून दिसत होती. तेवढं पुरे होतं.

दुपारचं बघायला शेजारच्या प्रभावतीअक्का होत्या. जैन, विधवा, भिंतीला भिंत लागून घर. त्यांचंही पहाटे सामायिक असायचं, डोळे मिटून एका जागी अठ्ठेचाळीस मिनिटं. बाराला त्या कार्मेलिनला भात-आमटी कालवून द्यायच्या, डावा हात धरून जेवायला लावायच्या. "स्वतःच्या हातानं खाल्लं तर जीव लागतो," त्या म्हणायच्या.

जूनमध्ये वाचन पाचव्या अध्यायात आलं. तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी पडून असलेला माणूस, आणि येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? इनासला वाटलं, हे आपल्यासाठीच आलं. त्यानं तीनदा वाचलं. मग पुस्तक मांडीवर ठेवून पुढं वाकला.

"म्हण, बरं."

कार्मेलिन बघत राहिली.

"ब. ओठ मीट. ब."

तिनं ओठ मिटले. आवाज आला नाही.

"परत. ब. काल बाईंसमोर आलं होतं की. ब."

असं वीस वेळा झालं असेल. त्याचा आवाज चढत गेला. एकविसाव्या वेळी कार्मेलिननं डाव्या हातानं चादर ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं.

भिंतीपलीकडून प्रभावतीअक्का उठून आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"इनासभाऊ, हे देवाचं वाचताय का पाढे घोकून घेताय?"

"बाईंनी सराव सांगितलाय, अक्का."

"बाई येत्यात तवा करा की सराव. चौतीस वर्षं भिंतीतनं ऐकतीया मी. तुमचं वाचून झालं की दोघं गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यात मला माझं सामायिक सोपं जायचं. आता कसलं सामायिक अन् कसलं काय. आरडाओरडा नुसता."

इनासनं पुस्तक फळीवर ठेवलं. सायकल काढून कामावर गेला.

त्या दिवशी त्याच्या पेटीत लोखंड उसळलं. ओतल्याबरोबर आत गुरगुरलं आणि ठिणग्या छतापर्यंत गेल्या. सम्राटनं त्याला मागं ओढलं म्हणून पाय वाचला. मालक गणपतराव ऑफिसातून धावत आले. त्यांनी थंड झालेली पेटी फोडायला लावली, आणि आतली वाळू बोटानं दाबून बघितली.

"अरे, ही वाळू हाय का फरशी? चौतीस वर्षं काय केलंस? पोरगं पण इतकं ठासत न्हाय."

"चुकलं, मालक."

"लक्ष कुठं हाय तुझं?"

लक्ष तिथंच होतं. ते त्या फोडलेल्या वाळूवर होतं. हाताला कळत असलेली गोष्ट हातानं ऐकली नव्हती, आणि सकाळी घरीही हेच झालं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिच्याकडून काही म्हणवून घेतलं नाही. तीनदा वाचायचा. आपला शब्द सांगायचा. मग तिच्या शब्दाची जागा मोकळी सोडायचा. ती जागा रिकामीच राहायची. आधी आधी कार्मेलिन भिंतीकडं तोंड करूनच असायची. पंधरा दिवसांनी छताकडं बघू लागली. ऑगस्ट उजाडेपर्यंत तिनं तोंड त्याच्याकडं वळवलं होतं. पण शब्द नाही. इनास थांबून थांबून पुस्तक मिटायचा, फळीवर ठेवायचा आणि निघायचा. हातून आणखी काय करायचं राहिलंय ते त्याला कळेना. म्हणून तो जास्त काम करू लागला. संध्याकाळच्या सातचे आठ झाले. अनुजाबाई येत राहिल्या, आणि एक दिवस त्यांनीच सांगितलं, "काका, यापुढं फार सुधारणा होईल असं वाटत नाही. मला फी घ्यायला बरं वाटत नाही." इनास म्हणाला, "तुम्ही या. मी देतो."

रविवारी तो घरी असायचा. चर्चमधली मिस्सा करून आला की तिला स्वतः भरवायचा, चमच्यानं, तिचा हात जराही खराब होऊ न देता. नीटनेटकं काम त्याला आवडायचं. जेवण झालं की ती डावा हात उचलून फळीकडं दाखवायची. तो जपमाळ काढून तिच्या हातात द्यायचा. ती माळ खाली टाकायची. तो उचलून परत द्यायचा. ती परत टाकायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा दुखण्यात माणूस कधी कधी चिडचिड करतो. इनास ते धरून चालला.

नोव्हेंबरात, एका गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमाराला गणपतरावांच्या ऑफिसात फोन आला. इनासची पेटी अर्धी ठासून झाली होती. तो घरी पोचला तेव्हा प्रभावतीअक्कांनी कार्मेलिनचे डोळे मिटवलेले होते.

तिला ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. दगड नंतर बसवायचा, असं इनासनं फादरांना सांगितलं. त्या महिन्यात त्यानं काम सोडलं. साच्यातली बारीक भेग आता त्याला दिसत नव्हती, आणि जे नीट दिसत नाही ते काम करणं म्हणजे लबाडी, असं त्याचं मत होतं. तो पेटीमागं मजुरी घेणारा माणूस. फंड वगैरे काही नव्हतं. दवाखाना आणि फी यांत होतं तेवढं गेलं होतं. गणपतरावांनी शेवटच्या पगाराचं पाकीट दिलं आणि वर म्हणाले, "दगडाचं बघ त्यातनं. चांगला काळा बसव. राबलायस."

सव्वाचारला तो अजून उठत होता. पुस्तक उघडत नव्हता. एकट्यानं शब्द कुणाला सांगायचा?

ती गेल्याला महिना झाला त्या मिस्साआधी फादरांनी विचारलं, "कोणता भाग वाचू या? तिला आवडायचा असा एखादा सांग."

"सात महिने तिनं मला काही सांगितलं न्हाय, फादर," इनास म्हणाला.

त्याच दुपारी प्रभावतीअक्का आल्या. हातात ओला फडका होता.

"इनासभाऊ, ते तुमचं पुस्तक जरा द्या. कधीपासनं म्हणीन म्हणतीया. डाग पडल्यात त्यावर. माझ्याच हयगयीनं."

"कसले डाग?"

"हळदीचे. आमटीचे. वैनी जेवण झालं की फळीकडं बोट करायच्या. मी आपलं हात धुवून पुस्तक काढून द्यायची, दोरा असंल तिथं उघडून मांडीवर ठेवायची. बघत बसायच्या. अन् मग असं बोट आमटीत बुडवायचं अन् पानावर टेकवायचं. मी हात पुसायची, त्या परत बुडवायच्या. ल्हान पोरागत. मी रागवायची की, देवाच्या पुस्तकाला खरकटं लावू नये म्हणून. ऐकायच्या न्हाईत. एकदा टेकवलं की गप. मग म्हणायच्या नेऊन ठेव, असं हातानं."

"रोज?"

"पावसाळ्यापासनं रोजच की. तुम्ही पुस्तक उघडताय रोज, मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय. लाजंखातर मीच बोलले न्हाय."

इनास उठला. पुस्तक काढलं. दोरा सोळाव्या अध्यायात होता. त्यानं लग्नानंतर पहिल्यांदा पान मागं उलटलं. पुस्तक दारात उजेडाला नेलं. काळ्या ओळी दिसल्या. त्यांच्यामध्ये आणि खाली सगळं एकसारखं मळकट दिसत होतं, जसं हल्ली त्याला जगच दिसायचं.

"कुठाय?"

"हे काय. इथं. पिवळं धमक दिसतंय की." अक्कांनी बोट ठेवलं.

"मला दिसत न्हाय."

"असं काय करताय? एकाच शब्दाखाली हाय बघा. थांबा, मी वाचते. इथं लिवलंय..."

इनासनं पानावर पंजा ठेवला. "वाचू नका, अक्का."

"का?"

"तिनं मला सांगितलंय ते."

अक्कांनी फडका पदराखाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "डागाचं म्हणाल तर एक ध्यानात ठेवा. हळद हाय ती. उजेडात उडती. चार-दोन महिन्यांत नाव राहायचं न्हाय. आत्ताच मागची मागची फिकी वाटत्यात मला."

इनासनं पुस्तक मिटलं. कार्मेलिनच्या काळ्या शालीत गुंडाळलं आणि लोखंडी पेटीत तळाला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांनी सांगितलं, मार्चमध्ये मोफत शिबिर आहे, नाव नोंदवून ठेवा, एक पैसा लागणार नाही. इनास म्हणाला, मार्च फार लांब आहे. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस थांबलात, आणखी तीन महिन्यांनी काय होणार आहे? इनासला ते समजावून सांगता आलं नाही. तो म्हणाला, "एका डोळ्याचं करा. ह्याच आठवड्यात." आणि शर्टाच्या आतल्या खिशातून गणपतरावांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

पट्टी निघाली आणि दवाखान्याची भिंत पांढरी निघाली. ती पिवळसर आहे असं तो समजत होता. डॉक्टरांनी आठ दिवस वाचायचं नाही असं सांगितलं. त्यानं आठ दिवस वाचलं नाही. नवव्या दिवशी सव्वाचारला उठला, आंघोळ केली आणि दोन्ही खुर्च्या समोरासमोर लावल्या. पेटीतून पुस्तक काढलं. मधली पानं उलटताना त्यानं डोळा दुसरीकडं ठेवला. सगळे शब्द एकदम बघायचे नाहीत, हे त्यानं ठरवलं होतं. दिवसाला एकच. पहिल्यापासून.

पहिल्या चार अध्यायांत काही नव्हतं. पाचव्यात होतं. ज्या दिवशी त्यानं तिला वीस वेळा 'ब' म्हणायला लावलं, त्याच दिवसाचं पान. तिनं ते त्याच दुपारी उघडायला लावलं असणार. डाग त्या आजारी माणसाच्या उत्तराला होता.

इनासनं तो भाग मोठ्यानं वाचला. तीनदा, अडखळत. तळ्याकाठचा माणूस म्हणतो, महाराज, पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला माझ्याजवळ माणूस नाही.

'बरं' या शब्दाखाली पान कोरं होतं. पिवळं बोट 'माणूस' या शब्दाखाली टेकलं होतं. जोरानं टेकलं होतं. कागद तिथं खरबरीत झाला होता.

भिंतीपलीकडं प्रभावतीअक्का सामायिकाला बसल्या होत्या. इनास समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून गप्प बसला. आज कामाला जायचं नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत बसला. उठताना त्यानं लाल दोरा त्या पानात ठेवला आणि पुस्तक परत काळ्या शालीत गुंडाळलं.

कबरीवर अजून मातीच आहे. दगड बसला नाही. चौतीस वर्षं वाळू ठासून शेवटी जे हातात आलं, त्यातून एका डोळ्याचं भिंग आलं. उजव्या.